आईची पंच्याहत्तरी, ७८ जणांची यादी आणि जेवण नक्की किती जणांचं सांगायचं?

शमिका_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आईची पंच्याहत्तरी करतोय. सोसायटीचाच हॉल, रविवार, दुपारचं जेवण. यादी ७८ मोठे आणि १४ लहान. (या १४ पैकी चार 'लहान' मुलं माझ्याहून उंच आहेत.) मेनू साधाच आहे: पुरी, बटाट्याची सुकी भाजी, अळूचं फदफदं, मसालेभात, कोथिंबीर वडी, काकडीची कोशिंबीर, पापड, मठ्ठा आणि श्रीखंड.

केटरर ताटावर पैसे घेणार नाहीत. इतके किलो हे, इतके लिटर ते, असं मापावर करून देणार. माप आम्ही सांगायचं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "शंभर माणसांचं करून टाका ताई, कमी पडायला नको." नवरा म्हणतो साठचं पुरे, हल्ली कोण येतंय. सासूबाई म्हणतात एकशेवीसचं करा, उरलं तर वाटू. आईला विचारलं तर म्हणाली, "माझं काही करू नका, फार तर चार माणसं बोलवा." त्या चार माणसांची यादी तिनेच दिली. तीच ही ७८.

तर कितीचं सांगू? आणि माणशी प्रमाण काय धरता तुम्ही?

गावठी_इंजिनियर

तिघांची सरासरी काढा. ९३.

तळ्यात_मळ्यात

सासूबाईंचं ऐका. केटरर एका दिवसाचा.

मुठाकाठ

बुफे आहे की पंगत? ते आधी सांगा. बुफेत लोक पहिल्याच फेरीत ताट भरून घेतात, कारण पुन्हा रांगेत कोण उभं राहणार. पंगतीत वाढपी हात आवरता ठेवतो, मागितलं की पुन्हा वाढतो. त्याच माणसांना त्याच मेनूत पंगतीला निदान दहा टक्के कमी लागतं असा माझा अंदाज आहे. शिवाय ताटात टाकलेलं कमी राहतं.

शमिका_डोंबिवली

@मुठाकाठ, बुफेच. पण वयस्कर मंडळी पंचवीस-तीस तरी आहेत, त्यांना टेबल-खुर्चीवर वाढणार.

गणितकाका

शमिकाताई, सगळ्या यादीला एकच टक्का लावू नका. यादीचे तुकडे करा. सोसायटीतले आणि डोंबिवली-कल्याण-ठाण्याचे सगळे येणार, उलट "आमच्याकडे हा आलाय, घेऊन येऊ का" असं एखादं माणूस वाढेल. पुण्या-नाशिकचे, त्यातून मे महिना, गाड्यांची आरक्षणं, लग्नाच्या तिथी. त्यातले दोन तृतीयांश आले तरी भरपूर. "बघतो, जमवतो" म्हणणारा येत नाही हे गृहीत धरा. "नक्की येणार" म्हणणाऱ्याला आदल्या बुधवारी परत फोन करा. "किती जण याल?" असंच विचारा, "याल ना?" असं विचारलंत तर उत्तर कायम "हो" येतं.

दुसरं, पंच्याहत्तरीला येणारे बरेचसे पंच्याहत्तरीच्या आसपासचेच असतात. दोन पुऱ्या, चमचाभर भात आणि गोळी घ्यायला कोमट पाणी. कॉलेजच्या मुलाच्या वाढदिवसाचं माप इथे लावलंत तर निम्मं उरेल.

प्रमाण मी असं धरतो, मोठ्या माणसाला: पुऱ्या ५, कच्चा बटाटा १०० ग्रॅम, कच्चा तांदूळ ७० ते ७५ ग्रॅम, अळू १०० मिली, वड्या २ ते ३, कोशिंबीर ५० ग्रॅम, श्रीखंड १०० ते ११० ग्रॅम. दहा वर्षांखालच्या दोन मुलांचं मिळून एक माणूस.

आता बेरीज करा. तांदूळ शिजून अडीच ते तीन पट होतो, म्हणजे भात झाला दोनशे ग्रॅम. पुऱ्या सव्वाशे. बाकीचं धरून साधारण सातशे ग्रॅम. एका बैठकीत घरगुती माणूस याच्या फार पुढे जात नाही. पदार्थ वाढवले म्हणून पोट वाढत नाही. तुम्ही उद्या त्यात भजी घातलीत तर भाजी आणि भात कमी जाणार, पण ते कमी करायचं कुणाच्या लक्षात येत नाही आणि उरतं ते तिथेच.

वऱ्हाडी_झणका

काका, माणसाला ७० ग्रॅम तांदूळ? आमच्या अमरावतीकडे हे ऐकलं तर पाहुणे गेटावरूनच परत जातील.

अन् ७८ जणांची यादी वगैरे तुमची मजा आहे बा. गावाकडं चूलबंद आवतण असते. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही, झाडून सगळे जेवायला. घरात किती जण आहेत ते त्या घरालाही धड माहीत नसते.

गणितकाका

@वऱ्हाडी_झणका, पुऱ्या आहेत म्हणून ७०. वरण-भात-भाजी एवढंच असेल तर शंभरच्या पुढे धरा. शंभर माणसाला दहा किलो तांदूळ हे जुन्या आचाऱ्यांचं माप त्याच हिशेबाचं आहे.

अन्नपूर्णा_नाशिक

माझा स्वतःचा छोटा केटरिंगचा व्यवसाय आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

"शंभरचं करून टाका" म्हणण्यात दर वेळी लबाडी नसते. जेवण कमी पडलं की पाहुणे जेवण करणाऱ्याचं नाव विचारून घेतात, ते पुढे त्याला न बोलावण्यासाठी. त्यामुळे जो तो आपल्या हाताने थोडं वर ढकलतो. यजमान ७८ चे ८५ करतो. मी ८५ ऐकून सामान ९५ चं भरते. आचारी मुळात सैल हाताचा, तो १०५ चं शिजवतो. मागाहून सगळे मिळून म्हणतात, लोक आले नाहीत. म्हणून केटररला खरा आकडा सांगा आणि स्पष्ट विचारा, यात तुम्ही जादा किती धरलंय? जादा कुणीतरी एकानेच धरायचं.

पण माझ्या मते "किती जणांचं" हा प्रश्नच अर्धा आहे. सगळे पदार्थ एकाच आकड्याचे करायचेच नसतात. श्रीखंड फ्रीजमध्ये टिकतं, उरलं तर डब्यात घालून नातेवाइकांच्या हातात देता येतं, ते सढळ सांगा. पुरी, पापड, वडी ही ऐनवेळची कामं. कणीक मळायला वेळ लागत नाही, वड्यांचे उंडे वाफवून ठेवायचे आणि लागतील तसे कापून तळायचे. किलोभर कणकेत पन्नासेक पुऱ्या होतात. पाच किलोची मळायला सांगा, दोन किलोचं पीठ कोरडं बाजूला ठेवा. न लागलेलं पीठ तुमच्या घरच्या डब्यात जातं.

राहिलं काय? मसालेभात, अळू आणि कोशिंबीर. हे ना टिकतं ना पाच मिनिटांत होतं, आणि मे महिन्यात दुपारी चारपर्यंत कोशिंबिरीला पाणी सुटून भाताला वास यायला लागतो. इथे हात आखडता ठेवा. धास्ती वाटत असेल तर एक मोठा कुकर साधा भात आणि वरणाची डाळ तयार ठेवा. मसालेभात संपत आला असं दिसलं की कुकर चढवायचा. अर्ध्या तासात पंधरा माणसं निभावतात, आणि वयस्कर मंडळी तर त्या वरण-भातावर जास्त खूश होतात.

अजून एक, जे सगळे विसरतात. वाढपी, तळणारा, भांड्यांच्या मावशी, फोटोवाला, हॉलचा वॉचमन, लांबून आलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर. आठ-दहा ताटं तिथे जातात. ही माणसं सकाळपासून उभी असतात आणि शेवटी जेवतात, त्यांचं माप पूर्ण धरा.

तळ्यात_मळ्यात

@अन्नपूर्णा_नाशिक, दंडवत! हा प्रतिसाद निवडक दहात.

पुरणाची_पोळी_नको

मे महिन्यात श्रीखंड? अहो हापूसचा मोसम आहे! आमरस ठेवा.

कोकणी_मेवा

+१. आमरस-पुरी असताना श्रीखंडाकडे कोण बघणार.

अन्नपूर्णा_नाशिक

आमरस ठेवायचा तर दोन गोष्टी लक्षात घ्या. माणशी एक मध्यम हापूस धरावा लागतो, आग्रह झाला तर दीड. डझनाचा रस पावणेदोन लिटरच्या आसपास निघतो. आणि आमरस असला की पुऱ्या ५ वर थांबत नाहीत, ७-८ वर जातात. तेल, गॅस, तळणारा, सगळंच वाढलं. शिवाय रस उघडा राहिला की काळा पडतो.

मुठाकाठ

८० हापूस म्हणजे सात डझन. शमिकाताई, आईची पंच्याहत्तरी आहे की भाचीचं लग्न?

कोकणी_मेवा

पायरी घाला थोडा. रसाला पायरीच बरा, हापूस कापून खायचा. मुंबईच्या लोकांना कोण सांगणार.

पुरणाची_पोळी_नको

हे ऐकून माझ्या देवगडच्या काकांनी लॅपटॉप बंद केला.

जुना_गिरगावकर

वाचतोय. मजा येतेय. आमच्या लहानपणी हा प्रश्न असा पडत नसे, याचं कारण तेव्हाचे लोक शहाणे होते असं नव्हे. पंगती उठत. पहिल्या पंगतीला भात किती गेला, जिलबी किती गेली, हे आचाऱ्याला पडद्याआडून कळायचं आणि दुसऱ्या पंगतीसाठी तो तेवढंच चढवायचा. शेवटच्या पंगतीला घरची माणसं. कमी पडलं तर त्यांच्यातच. आता सगळं अकरा वाजता शिजून बुफेच्या भांड्यात तयार, खाली मेणबत्त्या लावलेल्या. मध्ये सुधारायला वावच नाही.

दुसरी गोष्ट आग्रहाची. जिलबीचं ताट घेऊन यजमान स्वतः फिरत. "एक घ्याच, माझी शपथ." खाणारे पैजा लावत. तेव्हाचा जिलबीचा हिशेब आजच्या मापाने लावला तर डॉक्टर लागेल. आणि याच काळात, १९६५ साली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायचं आवाहन केलं होतं. आमच्या वडिलांनी ते बरीच वर्षं पाळलं. घरात शितं मोजून शिजायची ती पिढी आणि पंगतीत जिलब्या रिचवणारी पिढी एकच होती.

शमिका_डोंबिवली

@जुना_गिरगावकर काका, आईपण शास्त्रींच्या सोमवारचं सांगते. म्हणूनच तिला उरलेलं अन्न बघवत नाही. कार्यक्रम संपल्यावर ती पातेल्यांत डोकावणार हे नक्की आहे, आणि तेवढ्यासाठीच मी हा धागा काढलाय.

कोल्हापुरी_खटका

शाकाहारी मंडळींचं बरं आहे, मोजमाप चाललंय. आमच्याकडे मटण असलं की किलोला चार माणसं, हाडासकट. पाच म्हटलं की पावणे रुसले. तांबडा-पांढरा रस्सा मात्र मोजायचा नसतो. तो संपला असं म्हणायचीच पद्धत नाही.

वऱ्हाडी_झणका

@कोल्हापुरी_खटका, मोजत नाही म्हणजे पाणी घालता.

कोल्हापुरी_खटका

पांढऱ्यात पाणी घालणाऱ्याला वेशीबाहेर ठेवतात भावा.

एडिसनची_मावशी

इथे न्यू जर्सीत हिशेब ट्रेचा. रेस्टॉरंटवाला विचारतो, हाफ ट्रे की फुल ट्रे? हाफ ट्रे १५ ते २० जणांना पुरतो म्हणतात, पण ते बाकी चार पदार्थ असतील तर. आणि ट्रे उथळ की खोल हे विचारलंच नाही तर सगळा हिशेब कोसळतो. नव्या लोकांनी पहिला प्रश्न तोच विचारावा.

दुसरं म्हणजे आमच्याकडे पोरांना पिझ्झा मागवतात आणि मग पोरांचे आईवडील पिझ्झ्याला हात घालतात, छोले-पनीर तसंच राहतं. आता मी पोरांचा पिझ्झा दीडपट आणि मोठ्यांचं जेवण पाऊणपट सांगते.

आणि उरलेल्याबद्दल. इथे अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे: शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि तापमान ३२ अंश सेल्सियसच्या वर असेल तर एकच तास. तुमच्या मे महिन्यात डोंबिवलीत ३२ तर सकाळी आठलाच होत असेल. म्हणून उरेल ते संध्याकाळी बघू असं नको. सगळं एकदम बाहेर मांडू नका, थोडं थोडं काढा, बाकीचं झाकून गरम राहू दे.

गावठी_इंजिनियर

सकाळी आठला ३२? मावशी, इथे आठला लोकलमध्ये ४२ असतं.

तिखटमीठ

मला या "उरलं तर वाटू" वर बोलायचंय. हे वाक्य नेहमी अशा माणसाच्या तोंडून येतं ज्याला वाटायचं नसतं. कार्यक्रम संपतो चारला. पाहुणे गेले. पातेली हॉलमध्ये. मग घरातल्या दोन बायका डबे शोधतात, पिशव्या भरतात, कोणाला काय चालतं ते आठवतात, फ्रीजमधली भाजी काढून मसालेभाताला जागा करतात. पुढचे तीन दिवस सगळ्यांना तोच भात, मग टाकून देतात आणि टाकणारीलाच पाप लागतं. शमिका, सासूबाईंना आदराने विचार, वाटणार कोण? नाव ठरव आणि मग एकशेवीसचं कर.

मुठाकाठ

@तिखटमीठ, मुद्दा बरोबर, पण कमी पडलं तर तोंड कुठे लपवायचं? उरलेला भात दोन दिवसांत विसरतात. "पंच्याहत्तरीला भात संपला" हे दहा वर्षं ऐकवतात. आमच्या एका नात्यातल्या लग्नात शेवटच्या वीस जणांना नुसता पापड-मठ्ठा मिळाला. त्या जोडप्याची मुलगी आता दहावीला आहे, अजून निघतं ते.

तिखटमीठ

ऐकवणारे भात पुरला तरी मीठ कमी होतं म्हणून ऐकवतात.

एकारान्त

मी पुण्यात उरलेलं अन्न गोळा करून पोचवणाऱ्या एका स्वयंसेवी गटात काम करतो. रॉबिन हूड आर्मी २०१४ साली दिल्लीत सुरू झाली, तशा धर्तीचे गट आता बऱ्याच शहरांत आहेत. थोडं स्पष्ट लिहितो.

पहिलं, ऐनवेळी चार वाजता फोन करू नका. आठवडाभर आधी सांगून ठेवा की अमुक दिवशी कार्यक्रम आहे, उरलं तर कळवतो. तुमच्या भागात माणूस असेल तर तो तयार राहतो. दुसरं, ताटात उष्टं राहिलेलं किंवा बुफेत सगळ्यांचे चमचे फिरलेलं आम्ही घेत नाही, फक्त न मांडलेलं. तिसरं, चार माणसांचा मसालेभात घ्यायला कोणी दहा किलोमीटर येणार नाही, तेवढा शेजारी द्या. आणि वास घेऊन शंका आली की देऊच नका. ज्याला स्वतःच्या मुलाला द्यायला मन धजत नाही ते दुसऱ्याच्या मुलाला अन्नदान म्हणून द्यायचं, हे मी फार पाहिलंय.

तळ्यात_मळ्यात

@एकारान्त, शेवटचं वाक्य प्रत्येक हॉलच्या स्वयंपाकघरात लावायला हवं.

पंचांग_पाहून

शमिकाताई, तुम्ही दुसऱ्या धाग्यावर तारीख लिहिली होती म्हणून विचारतो. तो रविवार संकष्टीचा आहे. भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं का?

शमिका_डोंबिवली

अरे देवा.

गावठी_इंजिनियर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. उपवासाचं नाहीये ते, पण असो.

शमिका_डोंबिवली

आईच्या मैत्रिणींपैकी निम्म्या संकष्टी करतात. चंद्रोदय रात्री साडेनऊ-दहाला. म्हणजे दुपारी त्या पुरीला हात लावणार नाहीत. हॉल बदलून मिळत नाही, पुढचे तीन रविवार गेलेत.

अन्नपूर्णा_नाशिक

घाबरू नका, हे आम्हाला महिन्यातून एकदा असतंच. फोन करताना प्रत्येकीला उपवास विचारून घ्या. समजा चौदा निघाल्या. त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी आणि काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर. उपवासाला कोरडा साबुदाणा माणशी ९० ग्रॅम धरा. पण इथेच लोक फसतात. चौदा जणींचं केलंत तर त्या चौदा उपाशी राहतील, कारण उपवास नसलेले सगळ्यात आधी खिचडीवर तुटून पडतात. "थोडीशीच घेतो चवीला." उरलेल्या प्रत्येकाची ती चव २० ग्रॅम धरा. किंवा खिचडी बुफेत मांडूच नका, टेबलवर वाढा. मी दोन्ही करते.

आणि बाकी मेनूतून त्या चौदा वजा करायला विसरू नका. पुरी, भात, अळू, वडी, सगळीकडून.

कोकणी_मेवा

श्रीखंड चालतं ना उपवासाला? मग त्या चौदा जणी श्रीखंड दुप्पट खाणार, लिहून घ्या.

पंचांग_पाहून

चालतं. वेलची, केशर चालतं. जायफळावरून आमच्याकडे मतभेद आहेत.

वऱ्हाडी_झणका

कोथिंबीर चालते का उपवासाला? (पळतो.)

जुना_गिरगावकर

@वऱ्हाडी_झणका, तो वेगळा धागा काढा. इथे तीनशे प्रतिसाद होतील आणि शमिकाताईंचं जेवण राहील.

पुरणाची_पोळी_नको

आम्रखंड करा! श्रीखंडही आलं, आंबाही आला, काळंही पडत नाही, उपवासालाही चालतं.

कोकणी_मेवा

आम्रखंड म्हणजे तडजोड.

तिखटमीठ

पंच्याहत्तर वर्षांच्या बाईच्या कार्यक्रमात तडजोड शब्दाचं कोणाला काही वाटणार नाही.

डायट_उद्यापासून

मधुमेहाचं कोणी बोललंच नाही. वयस्कर मंडळींत निम्मे मधुमेही असणार, मग गोड कमी करायला नको का?

गणितकाका

@डायट_उद्यापासून, मीही आधी असंच धरायचो. प्रत्यक्षात "मला चालत नाही, अगदी चमचाभर द्या" म्हणणाऱ्यांचा चमचा मोठा असतो. घरी कोणी देत नाही, बाहेर कोणी बघत नाही. वाटी छोटी ठेवा, एवढंच करता येतं. श्रीखंडाची पन्नास मिलीची वाटी ठेवली तर माणूस दोनदा घेतो, दीडशेची ठेवली तर एकदाच घेऊन अर्धी टाकतो.

मुठाकाठ

तेच डावाचं. मसालेभाताला मोठा डाव ठेवू नका, तो मारला की ताट भरलं. आणि भात बुफेच्या शेवटी. सुरुवातीला कोशिंबीर, वडी, पुरी.

शमिका_डोंबिवली

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस फोनवर होते. आता हे बघा, चुकलं असेल तर सांगा.

जवळचे ४६, सगळे येणार. बाहेरगावचे ३२, त्यातले २० नक्की. झाले ६६. मुलांतले चार उंच मोठ्यांत धरले, उरलेल्या दहांचे पाच. एकूण ७५. संकष्टीवाल्या १४ निघाल्या (आईच्या भजनी मंडळाने घात केला), त्या वजा करून ६१. काम करणारी माणसं ८. म्हणजे पुरी-भाजी-भात-अळूसाठी ६९, सत्तर धरते.

पुऱ्या ३५०: पाच किलोची कणीक मळायची, दोन किलो कोरडं पीठ बाजूला. तांदूळ ५ किलो. बटाटे ७ किलो. अळू ७ लिटर. वड्या १८०. पापड १००. कोशिंबीर ४ किलो, त्यातली थोडी उपवासाची वेगळी. साबुदाणा अडीच किलो, टेबलवरच वाढणार. आम्रखंड ९ किलो, हे सगळ्या ८३ जणांसाठी. मठ्ठा १२ लिटर. शिवाय कुकर, दीड किलो तांदूळ आणि डाळ हॉलच्या स्वयंपाकघरात तयार.

केटररना विचारलं, यात तुम्ही जादा किती धरणार? ते आधी हसले, मग म्हणाले, "धरणार होतो दहा टक्के, आता नाही धरत." सासूबाईंना वाटपाचं काम दिलं. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाल्या, तुझं तूच ठरव, पण आम्रखंड दहा किलो कर.

तिखटमीठ

हाहा. करून टाक दहा.

गणितकाका

हिशेब बरोबर. बाहेरगावच्या उरलेल्या १२ पैकी तीन-चार अचानक आले तरी कुकरमध्ये निभतंय. दोन डझन जास्तीची ताटं-वाट्या मात्र मागवून ठेवा. अन्न पुरतं आणि वाट्या संपतात असं फार होतं.

कोल्हापुरी_खटका

मटण नाही तरी जेवायला येतो म्हटलं तर ८४ होतील का?

शमिका_डोंबिवली

@कोल्हापुरी_खटका, या की. आधी उपवास आहे का ते सांगा.

अन्नपूर्णा_नाशिक

सगळं ठीक, फक्त मठ्ठा कमी आहे. मे महिना, दुपार, वर पंखे. ८३ जणांना माणशी २०० मिली धरलं तरी साडेसोळा होतात, आणि काम करणारी मुलं तहानेला पाण्याऐवजी मठ्ठाच पितात. १८ लिटर सांगा. दही घट्ट ठेवा, बर्फ आयत्या वेळी घाला.

शमिका_डोंबिवली

सांगितला. १८. आणि आम्रखंड दहा.